बेरीज एकशेबावीस

तपासणीत तुलनेसाठी निरोगी रक्त लागायचं. लॅबमधली ताई दर सोमवारी स्वतःचंच काढायची. घरची म्हैस असताना दूध मागत कशाला फिरायचं! घरी मात्र ती चकार शब्द बोलली नव्हती. आईने आकाशपाताळ एक केलं असतं.

तुलना व्हायची धाकट्या भावाच्या, लंब्याच्या रक्ताशी. तांबड्या पेशींच्या पडद्यावर काही एन्झाइम आणि पेशींची राखण करणारी प्रथिनं चरबीच्या इवल्या नांगरांनी रोवलेली असतात. लंब्याच्या बहुतेक पेशींना ते नांगरच नव्हते. पेशी फुटायच्या, सकाळची लघवी काळ्या चहासारखी व्हायची. धड पेशी बावीस टक्के. डॉक्टरांनी हात टेकले होते.

एका सोमवारी बाविसाचे एकतीस झाले. ताईला रडूच कोसळलं. मग तिने आपला रिपोर्ट पाहिला. शंभराचे एक्याण्णव.

"मशीन बिघडलंय," डॉक्टर म्हणाले. तिने एका सहकारी मुलीचं रक्त घालून पाहिलं. शंभर. मशीन ठणठणीत होतं.

पुढच्या आठवड्यात लंब्या पंचेचाळीस, ती सत्त्याहत्तर. तिने दोन्ही नळ्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या, तपासणीचे दिवस बदलले. बेरीज दर वेळी एकशेबावीसच.

तेव्हा ती घाबरली. एका सोमवारी तिने आपलं रक्त काढलंच नाही. लंब्या दुपारी जिन्यात कोसळला, ओठ पांढरेफटक.

पुढच्या सोमवारी तिने मुकाट्याने दंडाला पट्टा बांधला.

"ताई, चार जिने एका दमात चढलो!" लंब्याच्या गालांवर रंग आला होता. "आणि तू काय अशी वाळलीस गं? डाएट करतेस?"

"हो."

"कर बाई. काठीला तेवढा झेंडा लावायचा राहिलाय."

ती हसली. हल्ली बोटं बधिर असायची. गरम कप हातात धरला तरी कळायचं नाही. भीतीही बोथट झाली होती. लंब्या जगावा, एवढंच काय ते अजून वाटायचं.

लंब्या त्र्याण्णव. ती एकोणतीस. हे दोन्ही रिपोर्ट तिने कुणालाच, लंब्यालाही, दाखवले नव्हते, ते तिच्या एप्रनच्या खिशात होते.

या सोमवारी लंब्या बाहेर बाकावर बसला होता. तिने दार लावून घेतलं, पट्ट्याचं टोक दातांत धरून ओढलं, सुई घातली. काहीच जाणवलं नाही.

"आई गं!" दारापलीकडून आवाज आला.

ती थांबली.

"हळू टोच ना, ताई," लंब्या शांतपणे म्हणाला. "शंभराला सातच तर राहिलेत."