तपासणीच्या दिवशीची सुई

शुक्रवारी सकाळी अकराला ओपल स्टकी या नर्सनं हुल्डा ब्रँटला मॉर्फिनची सुई दिली. बाराच्या आत म्हातारी गेली. शनिवारी शेरीफ ओपलच्या दारात आला. सोमवारी तिच्यावर खटला भरणार, गाव सोडायचं नाही, असं बजावून गेला.

रविवारी चर्च सुटल्या सुटल्या ओपलची आई आयोनी टारवॉटरकडे रडत गेली. आयोनी वकिलांसाठी खाजगी तपास करी. उत्तर मिसुरीत तिच्या जिभेला लोक सापापेक्षा जास्त भीत. गाडी चालवायला धाकटा दीर एमेट. माणूस सोन्यासारखा, पण डोकं बैलगाडीच्या चालीनं चालायचं.

"वहिनी, डॉक्टरांच्या कागदावर अर्धी सुई लिहिलीय अन् पोरीनं पूर्ण दिली," एमेट म्हणाला. "यात शोधायचं काय?"

"तुम्ही रस्ता बघा, भावोजी. शोधायचं मी बघते."

आधी दोघं ओपलच्या घरी गेली. पोरीचे डोळे सुजले होते.

"गुरुवारी चारला हुल्डाबाईंना स्ट्रेचरवरून आणलं," ती सांगू लागली. "मांडीचं हाड मोडलेलं. पायाच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावल्या. डॉक्टर फिरकलेच नाहीत. शुक्रवारी दुखणं असह्य झालं, बाई किंचाळायला लागल्या. फाइल उघडली तर तपासणीचा कागद कोरा, खाली फक्त डॉक्टरांची सही. मग ऑफिसात फोन केला. व्यवस्थापक गेंट्रीसाहेब म्हणाले, थांब, डॉक्टरांना विचारून सांगतो. दोन मिनिटांनी म्हणाले, डॉक्टरांनी पूर्ण सुई द्यायला सांगितलीय."

"आणि आता त्याच कागदावर अर्धी?"

"देवाशप्पथ, तेव्हा कोरा होता!"

इस्पितळ म्हणजे जुन्या सावकाराचा बंगला, तीस खाटांचा. हाताने मणके चाचपून रोग ओळखणारे हे ऑस्टिओपॅथ डॉक्टर. सरकारी इस्पितळ त्यांना उंबऱ्यात उभं करीत नसे, म्हणून त्यांनी स्वतःचं थाटलेलं. शुक्रवारी त्यांच्या संघाचे तपासनीस आले होते. मान्यता गेली तर शिकाऊ डॉक्टर जाणार, आणि त्यांच्यामागून इस्पितळही.

वृद्ध डॉक्टर अ‍ॅम्सबरी खुर्चीत खचून बसले होते.

"शुक्रवारी सात ते एक मी शस्त्रक्रियेत होतो. मध्ये कुणी काही विचारायला आलं नाही."

"आणि गुरुवारी संध्याकाळी?"

"एका शेतावर बाळंतपण अडलं होतं." ते थबकले. "कागदावरची सही माझीच आहे."

"सहीचं मी विचारलंच नाही, डॉक्टर."



नोंदींच्या खोलीत ब्यूला प्रुइट वीस वर्षं बसत होती. आयोनीला पाहून तिनं नाक मुरडलं.

"माझ्या कागदांत चूक सापडली तर मी टाइपरायटर खाईन."

"खाऊ नका, दात जातील. हे सगळे कागद इतके सारखे कसे?"

"नमुने ठरलेत. चालत्या रुग्णाचा टेबलावर, खाटेवरच्याचा त्या कपाटात. डॉक्टर सोमवारी कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवतात, तपासल्यावर सांगतात, मग मी टाइप करते. शुक्रवारी मात्र दहालाच मला तपासनिसांचं जेवण मांडायला धाडलं. चारला परतले."

हुल्डाचा कागद एमेटनं मोठ्यानं वाचला. "'अनवाणी उभे करून पाहिले. कंबर समपातळीत. पुढे वाकता बोटे घोट्यापर्यंत. मॉर्फिन अर्धी सुई, अधिक नको.' काय नीटस लिहिलंय, वहिनी!"

"फारच नीटस."

व्यवस्थापक लाइल गेंट्री आठ महिन्यांपूर्वी आलेला. बूट आरशासारखे.

"फोन आला होता. मी म्हटलं, डॉक्टर कामात आहेत, कागद बघ. तिनं बघितला नाही, त्याला मी काय करणार?"

"याआधी कुठं होतात, साहेब?"

"कॅन्सस सिटीत. हॉटेल सांभाळत होतो."

"पाहुणा ओरडायला लागला तर?"

"तिथं कुणी ओरडत नसे," गेंट्री हसला. "ते बघणं माझं काम."

सोमवारी सकाळी नऊला आयोनीनं सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत जमवलं. शेरीफही होता.

"मला पोरवयापासून पाठीसाठी हेच डॉक्टर बघतात," ती म्हणाली. "अनवाणी उभं करतात, वाकायला लावतात, कंबर चाचपतात. पण मांडी मोडलेली बाई? ती उभीच कशी राहील? घोट्याला बोटं कशी लावील?"

शेरीफनं कागद ओढून घेतला.

"म्हणजे तिला कुणी तपासलंच नाही," आयोनी म्हणाली. "कागद मागाहून भरला. कुणी? डॉक्टरांनी? चाळीस वर्षं हाडं चाचपणारा माणूस झोपेतही हे लिहिणार नाही. ब्यूलाबाई? खाटेवरच्याचा नमुना कुठल्या कपाटात आहे, हे त्यांना डोळे मिटूनही ठाऊक. शिवाय दहा ते चार त्या इथं नव्हत्याच. हाडांतलं काही न कळणारा, हाताशी येईल तो नमुना उतरवून काढणारा माणूस इथं एकच. तपासनीस जिना चढत होते, वर म्हातारी किंचाळत होती. डॉक्टरांना कुणी विचारलं नाही, हे तेच सांगताहेत. पूर्ण सुईचा हुकूम तुमचा होता, गेंट्रीसाहेब. ती मेली, तेव्हा तुम्ही अर्धी लिहिलीत."

"हे सिद्ध कोण करणार?" गेंट्री डॉक्टरांकडे वळला. "बोला ना, डॉक्टर! तुम्ही तिला तपासलंत. नाहीतर हे इस्पितळ उद्या बंद. मग तुमची गरीब शेतकरी माणसं कुठं जातील?"

एमेटला वाटलं, म्हातारा आता खोटं बोलणार. आणि त्याला त्याचा रागही येईना.

"मी तिला पाहिलं नाही," डॉक्टर म्हणाले. "सही कोऱ्या कागदावर केली होती. दर सोमवारी करतो. शेरीफ, माझंही नाव लिहून घ्या."

गेंट्रीला नेलं. मागून ब्यूला आवाज न करता रडत होती.

"सुटलीस, पोरी," आयोनी म्हणाली. "चल घरी."

ओपल जागची हलली नाही.

"सुई भरताना हुल्डाबाईंनी मला विचारलं, डॉक्टर येतायत ना? मी म्हटलं, जिन्यातच आहेत, बाई. त्यांनी लगेच केस सारखे केले."