डाव्या गुडघ्याचा कौल

प्रेमापुढे भल्याभल्यांनी गुडघे टेकले आहेत. राजांनी टेकले, योद्ध्यांनी टेकले, ज्यांना उभ्या जन्मात कोणी वाकवू शकलं नाही त्यांनीही मुकाट्याने टेकले. गोव्यातल्या सर्वण गावच्या चंद्रावतीकाकींना मात्र ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांचा डावा गुडघा बावन्न अंशांच्या पुढे वाकत नव्हता.

प्रेम काकींचं नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. काकी चौसष्ट वर्षांच्या, जत्राजत्रांतून खाज्यांच्या मिठाईचं दुकान लावणाऱ्या. प्रेम होतं गौरवीचं. पण ते काकींच्या गुडघ्यावाटे आलं, त्यामुळे वाट चुकवता येत नाही.

गौरवी फिजिओथेरपिस्ट. रोज उतरत्या दुपारी डिचोलीहून स्कूटरने यायची, कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी पर्समध्ये टाकून. एकाच दिवशी, एकाच डॉक्टरने काकींच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या होत्या. धातू तोच, टाके तेवढेच, व्यायामही तोच. चार आठवड्यांत उजवा एकशे चार अंशांवर गेला. डावा रुसून बसला. "सहा आठवड्यांत नव्वद झाले नाहीत तर पुन्हा भूल देऊन मीच वाकवीन," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुन्हा ते टेबल, पुन्हा ती सुई... नुसत्या आठवणीने काकींचे ओठ पांढरे पडत.

"काकी, वाकवा. तीस मोजते. एक... दोन..."

"तुझे तीस म्हणजे आमचे साठ गो."

"घड्याळाचे सेकंद आहेत. तीन..."

"वाकूचो नाय तो," काकी शांतपणे म्हणाल्या. "तेचो दोष नाय. तेका कौल नाय."

गौरवीचं मोजणं चारवर अडलं.

ऑपरेशनआधी काकी देवीचा कौल घ्यायला गेल्या होत्या. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तेव्हा डॉक्टर फक्त उजव्या गुडघ्याबद्दल बोलत होते, म्हणून काकींनीही उजव्यापुरतंच विचारलं. देवीने पटकन हो म्हटलं. मग इस्पितळात नवा एक्स-रे निघाला, डॉक्टर म्हणाले दोन्ही करून टाकू, आणि मुलाने, सिद्धेशने, सही ठोकली.

"डॉक्टराक इचारल्यानी, झिलान सही केल्यान. देवीक कोणी इचारल्यान?" काकींनी डाव्या गुडघ्याकडे आरोपीकडे बघावं तसं बघितलं. "परवानगीशिवाय बांधकाम केला तर पंचायत सोडता? मगे देवी कशी सोडतली?"

रुग्णाच्या मनोवृत्तीचा सांधेरोपणानंतरच्या सुधारणेवर होणारा परिणाम, या प्रश्नाला गौरवीला परीक्षेत दहापैकी साडेसहा गुण मिळाले होते. उरलेले साडेतीन सर्वणात आहेत हे तिला आज कळलं.

ती तडक देवळात गेली. बावीस पायऱ्या चढून धापा टाकत वर पोचली, तर गाभाऱ्यातून एक तरुण बाहेर येत होता. कमरेला सोवळं, हातात पिटकोळीच्या लाल फुलांची परडी, केस ओले... आणि गळ्यात जानव्याशेजारी विमानतळाचं ओळखपत्र.

"तुमचं ते... कार्ड," गौरवी म्हणाली.

"अरे देवा!" त्याने घाईने ते काढायला घेतलं. ते जानव्यात अडकलं, परडी तिरकी झाली आणि चार फुलं गौरवीच्या पायांशी पडली. "सकाळपाळी होती. मोपा विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तोलतो मी. यंदा देवळाची पाळी आमच्या घराकडे, म्हणून संध्याकाळी इथे. रुद्रेश."

गौरवीने फुलं उचलून दिली आणि सगळी हकिगत सांगितली. शेवटी, जरा इकडेतिकडे बघून, आवाज उतरवून म्हणाली, "म्हणजे... पाकळी उजवीकडचीच पडेल, असं काही करता येतं का?"

तो रागावला नाही. हसला. हसताना त्याची एक भुवई वर जायची, दुसरी जागीच राहायची. "सोळा किलोची बॅग पंधरा लिहा, असं रोज कोणीतरी सांगतं. मी लिहीत नाही. तो तर नुसता कंपनीचा काटा."

"भलतेच कडक आहात!"

"तुम्ही तीस मोजताना दोन-तीन गाळता का?"

"तुम्हाला काय माहीत मी तीस मोजते?"

"काकींचा आवाज देवळापर्यंत येतो."

गौरवीने हसू आवरायचा प्रयत्न केला. तो फसला.

"कौल लावीन," रुद्रेश म्हणाला. "पण ज्याचा प्रश्न त्याने यायचं, आणि त्यानेच पुढे व्हायचं. प्रश्न डाव्या गुडघ्याचा ना? मग प्रत्येक पायरीवर पहिला डावा पाय पडला पाहिजे."

"अहो, तो वाकतच नाही! वाकल्याशिवाय चढणार कसा, आणि चढल्याशिवाय—"

ती थांबली. त्याची एक भुवई वर गेली होती.

"हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"अर्धं आमच्या," तो म्हणाला. "अर्धं तुमच्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्कूटरवर पायांजवळ जांभ्याचा एक चिरा ठेवून काकींच्या अंगणात हजर झाला. लाल, खडबडीत, चांगला जड. "देवळाची पायरी एक चिरा उंच," त्याने सांगितलं. "ही तेविसावी समजा. हिच्यावर जमलं की बाकीच्या बावीस जमतील."

काकींनी चिऱ्याकडे बघितलं, मग देवळाच्या दिशेला बघितलं, आणि पदर खोचला. महिनाभर गौरवीसाठी न वाकलेली बाई आता देवीची माफी मागायला निघाली होती. तिथे उशीर करून कसं चालेल? भिंतीला धरून डावा पाय चिऱ्यावर ठेवायचा, गुडघा पुढे दाबायचा आणि तीस होईपर्यंत हलायचं नाही. आठवड्याने पट्टी एकाहत्तर दाखवू लागली. पुढच्या चार दिवसांत ब्याऐंशी.

चिरा ठीक आहे ना, हे पाहायला रुद्रेशला रोज यावं लागे. चिरा ठीकच होता. चिरे सहसा बिघडत नाहीत.

"आज मोपाला काय नवीन?" गौरवी काकींचा गुडघा धरून विचारायची, त्याच्याकडे न बघता.

"एका बाईंच्या बॅगेत नऊ किलो सुके बांगडे."

"सोडलेत?"

"वजनात बसले. वासाचा नियम अजून आलेला नाही. तुम्ही कधी विमानाने गेलात तर सांगा, मी स्वतः तोलीन."

"मला?"

"बॅग," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

चहाबरोबर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, बांगडीसारखी कडक कांकणं असायची. एका बशीत दोघांचे हात एकाच वेळी गेले की दोघंही मागे घेत, आणि कांकण काकी खात. काकींचं वजन दोन आठवड्यांत थोडं वाढलं, ते असं.

"एक मोजता कडक, दुसरो तोलता कडक," काकी एकदा चिऱ्यावरून म्हणाल्या. "संसार झालो तर मिठाचो खडो पण उणो पडूचो नाय."

"काकी, बोलू नका. एकोणीस..."

"एकोणीस मघाशीच झाले गो!"

डॉक्टरांच्या तारखेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, काकी देवळाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. एका हाताला कठडा, दुसऱ्या हाताला गौरवी. डावा वर, उजवा त्याच्याजवळ. डावा वर, उजवा त्याच्याजवळ. अकराव्या पायरीवर त्या थांबल्या, वाऱ्यावर कापलेल्या भाताचा वास येत होता. "लंगडी म्हातारी इली म्हणून देवी हसात काय गो?" त्यांनी विचारलं. "हसली तर हसू दे," गौरवी म्हणाली, "आपण अर्ध्यावर आलोय." बाविसाव्या पायरीवर तिने काकींचा हात घट्ट धरला. पाकळी डावीकडची पडली तर? दोन आठवड्यांचा गुडघा एका पाकळीवर टांगलेला...

रुद्रेशने ओल्या पाकळ्या लावल्या. त्याचा हात थरथरत होता. विमानतळावर कधी थरथरत नसे. काकींनी हात जोडले. "माये, तुका न इचारता दुसरो गुडघो केलो. चूक झाली. आता—"

टप्.

उजवीकडची.

काकींनी डोळे पुसले, गौरवीचेही पुसले, आणि तिघं खाली उतरली. शेवटच्या पायरीपाशी गौरवी भानावर आली. "काकी, आजचा ताण राहिलाय. डावा पायरीवर ठेवा. एक... दोन..."

रुद्रेश प्रसादाचा द्रोण घेऊन समोर उभा राहिला. गेला नाही.

"नऊ... हात का कापत होता तुमचा? दहा... काही केलंत का पाकळीला?"

"पाकळीला नाही." तो द्रोणाकडे बघत म्हणाला. "पण गुन्हा झालाय. काकींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत पाकळी पडली. माझा पुरा झाला होता."

"बारा... तुमचा? तेरा..."

"मी मनात विचारलं होतं. गौरवी... चिरा ठीक आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुझ्यासाठी येत होतो. ते तुला सांगू का, एवढंच विचारलं देवीला."

"चौदा," गौरवी पुटपुटली. "पंधरा... सोळा..." तो पहिल्यांदाच 'तुला' म्हणाला होता. "सतरा..."

आणि मग काहीच नाही. कुठेतरी घंटेचा टोल पडला.

"थांब रे," काकींचा आवाज आला. "म्हणजे ती पाकळी माझी न्हय?"

दोघंही गोठली. सगळा खटाटोप मातीत... गौरवीने भीतभीत खाली बघितलं. काकीही खालीच बघत होत्या, पायरीवर छान काटकोनात दुमडलेल्या आपल्या डाव्या गुडघ्याकडे. त्यांनी तो थोडा पुढे दाबून बघितला. आणखी थोडा.

"बरां," त्या म्हणाल्या. "ती तुमी घेवा. माझो वाकलो हा. नको होतो तर देवीन बावीस पायऱ्यो चढू दिल्यो नसत्यो."

गौरवीने द्रोणातलं एक पिटकोळीचं फूल उचललं. बोटं त्याच्या बोटांना लागली. या वेळी कोणीच हात मागे घेतला नाही.

"उजवीच होती ना? नक्की?"

"उजवी. मी सोळाला पंधरा म्हणत नाही."

"मग देवीच्या शब्दाबाहेर मी कशी जाऊ?" ती म्हणाली. "आणि... ती डावी पडली असती, तरी मी उद्या पुन्हा विचारायला लावलं असतं तुला."

त्याची एक भुवई वर गेली. मग, पहिल्यांदाच, दुसरीही गेली. मावळतीचं ऊन बावीस पायऱ्यांवरून घरंगळत खाली आलं आणि दोघांच्या मधोमध थांबलं. तिला वाटलं, हा क्षण असाच राहावा, कोणी हलू नये, कोणी—

"गो बाये," काकी पायरीवरून म्हणाल्या, "आता अठरा म्हण."