थांबल्यावर धरणारं चाक

माझ्या थापांवर तुम्ही मंडळी आजवर खुशाल माना डोलावत आलात. खंबाटकी घाटात वाघाने माझ्या जीपला धक्का मारला, तेही खपलं. आता खरं सांगायला बसलोय, तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. लावा पैज.

गोष्ट कालचीच. आपल्या नवव्या मजल्यावरचा प्रणव, या मधुवंतीचा नवरा, सकाळी माझ्या दारात उभा. विद्यापीठात समुद्राच्या पाण्यावर संशोधन करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याची यंत्रं लावलेली अ‍ॅल्युमिनियमची होडी दुपारच्या भरतीला पाण्यात सोडून पुलाउ उबीन बेटापर्यंत चालवून दाखवायची होती. पैसे देणारे पाहुणे धक्क्यावर येणार होते. चाचणी हुकली तर त्याचा करार संपला, आणि कराराबरोबर या परक्या देशात राहायचा पासही.

"काका, होडीचा ट्रेलर अडतोय," तो म्हणाला. "चालताना ठीक असतो. थांबला की ब्रेक सुटतच नाही."

पुण्यात तीस-बत्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करून पोट भरलं मी. म्हटलं, पोरा, हा अर्ध्या तासाचा खेळ आहे.

ट्रेलर बुकित तिमाहला, त्याच्या प्रोफेसरांच्या, म्हणजे विवेकच्या बंगल्यात होता. हिरवळ कापलेली, पोर्चमध्ये दोन मोटारी, आणि त्यांच्या मागे ट्रेलरवर दोरीने बांधलेली ती होडी. विजेचे ब्रेक फार साधे असतात. चाकाच्या ड्रममध्ये एक मॅग्नेट असतो. करंट आला की तो ड्रमला चिकटतो, फिरता फिरता ओढला जातो आणि लायनरच्या पट्ट्या ड्रमवर दाबतो. करंट गेला की सुटतो. सुटत नसेल, तर कुठून तरी करंट चोरून येतोय. चोर पकडायचा, बस.

चोर लगेच सापडला. ट्रेलर गाडीपासून निसटलाच तर आपोआप ब्रेक लागावा म्हणून त्याला एक पिन असते, आणि पिनेला बारीक तार. पिन ओढली गेली की ट्रेलरवरची बॅटरी ब्रेकला करंट देते. विवेकच्या बायकोने, संजीवनीने, खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. मिक्सरला कुंकू, लॅपटॉपला कुंकू. आणि झेंडूचा हातभर हार नेमका त्या तारेला बांधला होता. रोजच्या पावसाने हार भिजून जड झाला आणि त्याने पिन अर्धी खेचली.

"अय्या, मला वाटलं ती माळ अडकवायचीच तार आहे," संजीवनी म्हणाली.

हार सोडला, पिन दाबली, चाक मोकळं. प्रणवने गाडी फाटकापर्यंत नेली आणि थांबवली. पुन्हा निघाला, तर चाक जागचं हलेना.

मी गाडीतून ट्रेलरला येणारा प्लग काढला. धरलेलंच. बॅटरीची वायर काढली. धरलेलंच.

मग मी ड्रमला हात लावला. घासणारा ब्रेक तापतो. तव्यासारखा तापतो, हाताला फोड येतो. हा ड्रम थंड होता. भर उन्हात, फाटकाच्या सिमेंटवरून वाफा येत असताना, त्या लोखंडावर दव धरलं होतं. बोटांना ओल लागली. वास घेतला. विहिरीच्या तळाचा असतो तसा.

"दुसरं चाक?" मी विचारलं.

"गरम आहे, उन्हाने," प्रणव म्हणाला.

आम्ही जॅक लावला. माझी जिद्द तुम्हाला माहीत आहे, उकलल्याशिवाय मी जेवत नाही. ड्रम काढला. मॅग्नेट काढला, लायनर काढले, स्प्रिंगासुद्धा काढल्या. दुसऱ्या चाकाचंही तेच केलं. बिनब्रेकचा ट्रेलर रस्त्यावर न्यायला परवानगी नसते, हे प्रणवने मला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा बहिरा झालो.

रिकामा ड्रम परत बसवला. आत धरायला काही नाही, नुसती हवा. हाताने फिरवला, भिंगरीसारखा फिरला. फिरून फिरून थांबला.

पुन्हा फिरवायला गेलो, तर फिरेना.

ते गंजाने अडकल्यासारखं नव्हतं हो. लोखंड अडकलं की ठाम अडकतं. हे जरा सैल व्हायचं, मग परत घट्ट. तान्हं मूल झोपेत आपलं बोट धरून ठेवतं, तसं.

संजीवनी चहा घेऊन आली होती, ती पायरीवरच उभी राहिली. चहा पिऊन होईपर्यंत चाक आपणहून सुटलं. मी म्हटलं, झालं, याला थांबलेलं धरायची खोड आहे ना? मग थांबायचंच नाही. बस गाडीत.

आणि आम्ही थांबलो नाही. बुकित तिमाहपासून पुंगोलच्या किनाऱ्यापर्यंत एकेक सिग्नल हिरवा.

"काका, इथे लिफ्टसुद्धा एवढी मेहेरबान नसते," असं म्हणून मनोहर, तू आत्ता हसलास. हस. पुढे लाल दिसायचा आणि आम्ही जवळ गेलो की हिरवा व्हायचा. तिसऱ्या-चौथ्या सिग्नलनंतर प्रणवने माझ्याकडे बघणं सोडून दिलं. मलाही त्यात गंमत वाटेनाशी झाली. आम्ही जात नव्हतो, आम्हाला नेलं जात होतं, असं वाटायला लागलं.

किनाऱ्यावर होडी सोडायचा सिमेंटचा उतार आहे. गाडी उलटी घेऊन ट्रेलर पाण्यात उतरवायचा. उलटं जायचं तर आधी थांबायलाच हवं.

थांबलो. चाकाने धरलं.

पाणी ओसरायला लागलं होतं. उताराचा शेवाळलेला पट्टा उघडा पडत होता. पाहुणे छत्र्या घेऊन उभे. प्रणवने रिव्हर्स टाकला, इंजिन गुरगुरलं, होडी जागची हलली नाही.

"काका, गेलं," तो म्हणाला. नुसतं एवढंच.

मी त्याला गाडीतच बसायला सांगितलं.

खाली उतरलो. चाकापाशी बसलो. ड्रमवरून पाणी ठिबकत होतं.

त्यावर हात ठेवला.

"सोड," म्हटलं.

सुटलं. होडी पाण्यात गेली, यंत्रं चालली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रणव तिकडेच उबीनला मुक्कामाला आहे, आज दुसरी फेरी. त्याचा करार वाढणार. मी टॅक्सी नको म्हटलं, कुठेही न थांबता चालत इथे सेंगकांगला आलो आणि आपल्या इमारतीखाली या बाकावर टेकलो. संपली गोष्ट.

काकांचं बोलणं संपलं तसा मनोहर हसत सुटला. "नुसतं 'सोड' म्हटल्यावर सुटलं? मग सकाळीच म्हणायचं होतं, वाचले असते ना कष्ट."

मधुवंती हसली नाही. तिच्या हातात फोन होता.

"काका, सिग्नलचं खरं आहे," ती म्हणाली. "प्रणव सकाळी फोनवर बोलला. पण शेवटचं तुम्ही खोटं सांगताय."

"अगं, काय खोटं?" काका म्हणाले.

"तुम्ही 'सोड' म्हणाला नाहीत. गाडीची काच खाली होती, त्याने ऐकलं. तुम्ही म्हणालात, 'त्याला जाऊ दे. मी थांबतो.'"

मनोहरचं हसू विरलं.

"तुमची लेक सविताताई कालपासून तुमचं ताट इथे खाली आणून देते," मधुवंती म्हणाली. "खोटं नसेल तर उठून दाखवा, काका."