वळण

कोल्हापूरच्या ‘श्वाससूत्र’ कंपनीच्या प्रयोगशाळेत, भिंतीवरच्या पडद्यावर वीस नावं उमटली. एकोणीस हिरवी, एक लाल. हर्षदा लोखंडेनं आधी लाल रंगातच आपलं नाव शोधलं. ते तिथे नव्हतं.

लाल नाव उमाकांत बिडकरांचं होतं.

रुग्णालयांतल्या श्वासयंत्रांची आज्ञावली ही कंपनी लिहीत असे. ती लिहायची आणि तपासायची ती फक्त पदवीधर अभियंत्यांनी, असा कायदा सात वर्षांपूर्वी आला. पण बनावट प्रमाणपत्रं इतकी हुबेहूब निघू लागली की कागदावर कुणाचाच विश्वास उरला नाही. म्हणून कंपनीनं डॉ. यास्मिन मुल्लांना त्यांच्या ‘लेखनवेधा’सह बोलावलं होतं.

“आज्ञावली लिहिताना डोकं कोणत्या वळणानं जातं, ते लपवता येत नाही,” डॉ. मुल्ला समजावून सांगत होत्या. “ज्याच्याकडून शिकलो त्याचं वळण हाताला लागतं. राज्यातल्या सगळ्या महाविद्यालयांत गेली पंधरा वर्षं एकच शिक्षकयंत्र शिकवतंय. तिथे घडलेला माणूस लेखनवेध बरोबर ओळखतो.”

“पण मी शिकलो तेव्हा ते यंत्र नव्हतंच,” बिडकर म्हणाले. “फळा होता आणि पाटणकर सर होते. आता ते कॉलेजही बंद पडलंय.”

“जुन्या तुकड्यांचे नमुने माझ्याकडे फार थोडे आहेत, सर. चौकशी होईपर्यंत तुम्हाला घरी थांबावं लागेल.”

बिडकरांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. जाताना ते हर्षदाकडे बघून कसनुसं हसले. तिनं मान खाली घातली.

हर्षदा कॉलेजात कधी गेलीच नव्हती. वीस वर्षांपूर्वी, बारावीनंतर, ती इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्यात लागली. कापडावर नक्षी उतरवणारा तिथला संगणक सारखा बंद पडे. दुरुस्त करणारा पुण्याहून यायचा, चार-चार दिवस माग थांबायचे. तिनं स्वतःच त्यात डोकं घातलं. दोन वर्षांत ती पूर्ण आज्ञावली नव्यानं लिहू लागली. जे जमलं ते ‘मागवाली’ या नावानं धडे करून महाजालावर टाकत गेली, कुणालाही फुकट.

अकरा वर्षांपूर्वी श्वाससूत्रमध्ये तिची मुलाखत बिडकरांनीच घेतली. तिनं फळ्यावर सोडवलेलं उदाहरण बघून ते म्हणाले होते, “उद्यापासून ये.” पदवीचं त्यांनी विचारलंही नव्हतं. पण कार्यालयातल्या अर्जावर ‘शिक्षण’ अशी एक ओळ होती. शेजारी बसलेल्या मुलामुलींनी आपापल्या कॉलेजांची नावं भराभर लिहिली. तिला ती ओळ कोरी सोडवेना. तिनं एक नाव लिहिलं आणि आठवड्याभरात त्या नावाचा कागदही मिळवला. पुढे कायदा आला आणि लाजेपोटी केलेली ती लबाडी गुन्हा झाली.

मग लेखनवेधानं तिला पदवीधर कसं ठरवलं?

तीन दिवस ती गप्प राहिली. चौथ्या दिवशी बिडकरांचा फोन आला.

“हर्षदा, माझ्या जुन्या आज्ञावल्या जरा काढून ठेवशील? चौकशीला लागतील. काल मुलगी विचारत होती, बाबा, तुम्ही खरंच कॉलेजात होता ना?”

फोन ठेवल्यावर ती तडक डॉ. मुल्लांच्या खोलीत गेली. “शिक्षकयंत्रानं शिकवलेल्या मुलांचं लेखन मला दाखवाल?”

पडद्यावर नागपूरच्या एका विद्यार्थ्याची आज्ञावली उघडली. उभ्या रांगेला नाव होतं ‘ताणा’, आडव्या रांगेला ‘बाणा’. मोजणी खालून वर जात होती, मागावर कापड चढतं तशी. त्या मुलानं माग बघितलाही नसेल.

“हे माझं आहे,” हर्षदा म्हणाली. “मागवाली मीच. शिक्षकयंत्र घडवताना त्यात माझे धडे घातले असणार. तुमचं यंत्र सारखेपणा मोजतं, मॅडम. कोण कुणाकडून शिकलं, ते त्याला कळत नाही. माझं प्रमाणपत्र खोटं आहे. बिडकर सरांचं खरं आहे.”

डॉ. मुल्लांनी सगळे नमुने तारखांसह पुन्हा तपासले. जुळणी तीच राहिली, दिशा मात्र उलटली. हर्षदा महाविद्यालयातून आलेली नव्हती, महाविद्यालयं तिच्यातून आली होती. कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिचा आज्ञावल्यांवर सही करायचा अधिकार त्याच दिवशी गेला, नोकरी महिनाअखेर संपणार होती. एक सहकारी कौतुकानं म्हणाला, “म्हणजे आम्ही सगळे तुमचेच विद्यार्थी की!” तेव्हा तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉ. मुल्लांना मात्र त्या वाक्यानं दचकायला झालं. “तुमची आज्ञावली तपासत कोण होतं?”

“हीच अठरा जणं. बिडकर सरांकडे वेगळं काम असायचं.”

“म्हणजे तुम्हीच तुमची तपासत होता. अठरा वेळा.”

वेगळ्या वळणाचा माणूस कंपनीत एकच होता. चौकशीतून सुटून बिडकर परत आले आणि पहिल्याच दिवशी हर्षदाची आज्ञावली घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिला बोलावलं.

“इथे शून्य आलं की तू पुढच्या संकेताची वाट बघतेस. का?”

“मागावर शून्य म्हणजे धागा तुटला. तिथे थांबायचंच असतं.”

“आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ? त्याचा श्वास इतका हलका की यंत्राला तो शून्यच वाटेल. तिथे थांबलीस तर?”

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. इतक्या लहान बाळाला ते यंत्र अजून कुणी लावलं नव्हतं, एवढंच नशीब. अठराही जणांनी ती ओळ बिनचूक ठरवली होती. लाखो मुलं आज तीच ओळ शिकत होती.

“सर, माझ्यामुळे तुम्हाला…”

“ते मी विसरणार नाही,” बिडकर शांतपणे म्हणाले. “खोटं बोललीस म्हणून नाही. मला खोटा ठरवल्यावर तीन दिवस गप्प बसलीस म्हणून.”

ती उभीच होती. त्यांनी शेजारची खुर्ची पायानं थोडी पुढे सरकवली.

“बस. हे कुठे चुकलं ते पहिल्यापासून बघू. ते धडे तुलाच दुरुस्त करायचे आहेत.”

ती बसली. त्यांनी कागदावर पहिली आकृती काढली. हे काम आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला शिकवत होतं, आणि त्यांच्याकडे मान वर करून बघायची तिला हिंमत होत नव्हती.