एका दोऱ्यात दोन फोन

तुम्ही फसवलंत.

हो, तुम्हीच. वरच्या मजल्यावर, काचेच्या गार खोलीत बसून फोनांची बारशी करणाऱ्या साहेबांनो! तुमच्या कंपनीचं नाव इथं येणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? पण एका वर्षात तुम्ही अकरा फोन बाजारात सोडलेत. ओम्रा सात, सात एस, सात लाइट, सात प्रो, सात प्रो लाइट, निओ सात, निओ सात एस… बाकीची चार म्हणतानाच जिभेला गाठ बसते. नावं अकरा, आणि उघडून बघावं तर आत जेमतेम पाच फोन. घरात माणसं पाच आणि रेशनकार्डावर नावं अकरा – आमच्याकडं कुणी असं केलं तर घरी नोटीस येते. तुम्हाला बढती येते.

गोष्ट प्रेमाचीच आहे. पण ती तुमच्या पायात अडकून पडता पडता राहिली, म्हणून आधी तुमचा मान.

अंजनीला तुमची ही सगळी वंशावळ तोंडपाठ होती. बेळगावच्या खडेबाजारात नागेंद्रअण्णांच्या मोबाइल दुकानात, तुमच्या काउंटरमागं, तुमचाच निळा टीशर्ट घालून ती दिवसाचे दहा तास उभी राहायची. पगार तुमचा, जागा अण्णांची आणि शिव्या गिऱ्हाइकांच्या.

घर वडगावात. घरात दोन माग; दिवसभर खटखट, खटखट. बाप परशराम साड्या विणायचा, आणि त्याच्या बापापासून घरात एक रीत होती. विणताना तार तुटली, नक्षी चुकली, तर त्या जागी साडीच्या काठाला लाल दोरा बांधायचा. व्यापाऱ्यानं शोधायच्या आधी, आपणच. "चुकायची लाज न्हाय गं," आप्पा म्हणायचा, "लपवायची हाय."

हीच रीत अंजनीनं तुमच्या काउंटरवर नेली. त्याचं निमित्त मायाप्पा.

जांबोटीच्या रानातनं, दोन तास एसटीची वाट बघून हा म्हातारा दुकानात आला होता. जावयाकडं ओम्रा सात होता, तसलाच पाहिजे. सात संपला होता. तुमची शिकवण अशी – सात मागितला तर सात एस द्या, 'त्याच्या पुढचा आहे' म्हणा. अंजनीनं म्हटलं. पंधरा दिवसांनी मायाप्पा परत आला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात. जावयाच्या फोनला गोठ्याशी उभं राहिलं की रेंज यायची. ह्याला झाडावर चढलं तरी येत नव्हती. नावात तुम्ही एक अक्षर वाढवलंत आणि आतनं डोंगराकडची रेंज धरणारी पट्टीच काढून घेतलीत.

मायाप्पा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "पोरी, पुढचा म्हणालीस न्हवं? मग मागं कसा पडतोय गं?"

त्या संध्याकाळी अंजनी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आप्पाच्या मागाजवळचा लाल दोरा तिनं पर्समध्ये टाकला आणि काउंटरवरच्या सात एसला बांधला. खाली चिठ्ठी – 'डोंगराकडं रेंज धरत नाही'. समोरच्या दुरुस्तीवाल्या मष्णूनं प्रो लाइट आणि निओ सात एस उघडून शेजारी शेजारी मांडून दाखवले होते. पाठीचा रंग सोडला तर स्क्रूसुद्धा तेच! त्या दोघांना तिनं एकाच दोऱ्यात बांधून टाकलं.

आणि मग तो आला.

ऑगस्टची दुपार. पाऊस तिरका, रस्ता रिकामा. एक उंच पोरगा धावत आत शिरला, चष्मा काढला आणि शर्टानं पुसायला लागला. शर्ट चष्म्यापेक्षा ओला. अंजनीनं फोन पुसायचं पिवळं फडकं पुढं सरकवलं.

चष्मा चढवून त्यानं काउंटर बघितला, आणि ओठ हलले.

"फोनांना राखी बांधलीय काय?"

"जुळी हाईत ती. गर्दीत चुकू नयेत म्हणून बांधल्यात."

"मग ह्याचा भाव अडीच हजारानं जास्त कसा?"

"त्यानं निळा शर्ट घातलाय."

"निळा तर तुम्हीपण घातलाय…" तो हळूच म्हणाला, "तुमचा भाव काय?"

अंजनीनं मान वर केली. डोळे असे, की दुसरा असता तर पावसात परत गेला असता; 'री' तेवढा बेळगावच्या अदबीचा.

"मला भाव न्हाय री. राग हाय. तो फुकट मिळतोय. देऊ?"

तो हसला. मोठ्यानं नाही – आतल्या आत, खांदे हलवत. फडक्याची नीट चौकोनी घडी घालून त्यानं ते परत दिलं. तेवढ्यात त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं, आणि दोघांनीही एकदमच फोनांकडं बघितलं… जसं काही फोनांनीच काही केलं होतं.

"हे असं सगळ्यांना सांगता?"

"विचारणाऱ्याला सांगते. न विचारणाऱ्यालाबी सांगते."

"कंपनी काढून टाकंल."

"टाकू दे. पण आधी फरक काय त्ये सांगू दे."

फोन न घेताच तो गेला. चार दिवसांनी परत आला. काउंटरपाशी उभा राहून चष्मा काढला आणि फडक्याची वाट बघायला लागला.

"आज तर ऊन पडलंय," अंजनी म्हणाली.

"मग… घाम आला आसंल."

"निपाणीची माणसं घामानं चष्मं भिजवतात व्हय?"

"निपाणी कसं वळखलं?"

"तुमच्या पिशवीवर दुकानाचं नाव हाय. मी वाचते री. नुसतं इकत न्हाय."

त्याचं नाव सुगत. आज्जी सुलाबाई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पाला निवडायची. उजवीकडं पहिली प्रत, डावीकडं दुसरी. "डोळं झाकून बोटानं वळखायची," तो सांगत होता. "पण एकाच पाल्याचे दोन ढीग करून दोन नावं… तसलं तिनं कधी केलं न्हाय."

"मग तिला पाठवून द्या आमच्या कंपनीत. साहेब करूया."

तिसऱ्या खेपेला ती बाहेर चहाला आली. पत्र्याखाली दोघं उभी; पागोळ्यांचं पाणी कपात पडू नये म्हणून त्यानं तिच्या कपावर तळहात धरला होता. स्वतःच्या चहात पाणी पडतंय, ह्याचा पत्ता नाही.

"काय काम करता तुम्ही?"

"फिरतीचं…" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर खाली गेली. "अंजनी, तुला एक सांगायचं हाय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. "सांग की."

"पुढच्या खेपेला… सांगतो."

पुढची खेप आलीच नाही. त्याआधी तुमचं बोलावणं आलं.

हॉटेलचा हॉल, चाळीस दुकानांची पोरंपोरी, पडद्यावर एक जिना. खालच्या पायरीवर लाइट, मग एस, मग निओ, मग प्रो. माणसं शिडीवर चढवून मांडायची सवय ह्या देशाला जुनी आहे. तुम्ही निदान फोन तरी सोडायचे होतेत! वरून आलेला तुमचा साहेब म्हणाला, "गिऱ्हाइकाला चुकीची माहिती कशी देऊ नये, ते आता ऐका." आणि हॉलभर आवाज घुमला –

'जुळी हाईत ती. गर्दीत चुकू नयेत म्हणून…'

अंजनीचाच आवाज. पोरं हसली. आणि पाठोपाठ दुसरा आवाज – 'मग ह्याचा भाव अडीच हजारानं जास्त कसा?'

तिनं मान वळवली. कोपऱ्यात, पडद्यावर चित्र टाकणाऱ्या यंत्रापाशी, सुगत उभा होता. गळ्यात तुमचं ओळखपत्र. गिऱ्हाईक बनून दुकानं तपासायची, खिशातल्या फोनवर बोलणं टिपून पाठवायचं – फिरतीचं काम ते हे!

साहेबानं कागद पुढं केला. 'मी ग्राहकांना खोटी माहिती दिली, पुन्हा देणार नाही.' सही केली तर नोकरी राहील.

अंजनी उभी राहिली. "साहेब, एकच सांगा. प्रो लाइट आणि निओ सात एस. आत फरक काय?"

"दोघांची पोझिशनिंग वेगळी आहे."

"म्हंजे काय री?"

"गिऱ्हाईक वेगळं आहे."

"गिऱ्हाइकाचं न्हाय इचारलं. फोनाचं इचारलं."

"तुम्ही सही करा."

ती कागदावर सही न करताच निघाली. दाराशी सुगतनं वाट अडवली. "अंजनी, ऐक…"

"कोण तुम्ही?" ती म्हणाली. "नाव तेवढं सांगितलं हुतंसा. आत काय हाय, त्ये न्हाय सांगितलं. कंपनीचं माणूस शोभताय!"

आठ दिवस ती घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली. माग खटखटत होता आणि ती रडत होती. मागाच्या घरात रडण्याची एक सोय असते, कुणाला ऐकू जात नाही. पण आप्पाला दिसत होतं.

नवव्या दिवशी सकाळी सुगत दारात. चष्म्यावर पावसाचे थेंब. कुणी फडकं दिलं नाही, त्यानं मागितलंही नाही.

"पहिल्यांदा कंपनीनं पाठवलं हुतं," तो एका दमात बोलला. "टिपून घेतलं, त्याच दिवशी पाठवलं. माझी चूक. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मी आलतो… माझा मी. तवा खिशातला फोन बंद हुता. आणि हॉलमदी गप्प बसलो, ती दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी."

"मग आता कशाला आलासा?"

त्यानं एक कागद काढला. डावीकडं अकरा नावं, उजवीकडं पाच फोन, आणि मधे रेघा – कोण कुणाचा जुळा, कुणाची डोंगरात रेंज जाते, सगळं. खाली त्याची सही. "हे त्या साहेबाला पाठवलं. चाळीस दुकानांनापण पाठवलं. नागेंद्रअण्णांनी भिंतीला लावलंय, म्हणाले, खरं सांगितलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला येतंय. पोरीला सांग, आता माझ्या पगारावर ये."

"आणि तुझी नोकरी?"

"गेली की. मष्णूअण्णाच्या टेबलाशेजारी स्टूल टाकलंय. दुरुस्ती येती मला." त्यानं कागद तिच्यापुढं धरला. "मला… तू आवडतीस, अंजनी. लई. पण खोटं बोलून आवडून घ्यायचं न्हाय, म्हणून आधी ह्ये सगळं."

माग थांबला. घर एवढं शांत झालं, की पत्र्यावरचा थेंब न् थेंब मोजता आला असता. परशराम उठून दारात आला.

"निपाणीत कुणापैकी?"

विचारलंच त्यानं. चांगली माणसंही विचारतात, तोच तर वैताग आहे.

"बौद्ध," सुगत म्हणाला. मान ताठ, आवाज सरळ. "आज्जी वखारीत हुती. वडील मास्तर."

अंजनी उठली, मागाजवळच्या खुंटीवरचा लाल दोरा दातानं तोडला आणि सुगतच्या शर्टाच्या वरच्या काजात ओवून गाठ मारली. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता, आणि गाठ काही लवकर बसत नव्हती… की ती बसू देत नव्हती, कोण जाणे.

"दोरा कशाचा गं?" आप्पानं विचारलं.

"खोटं बोलला त्याचा. दुसऱ्या कशाचा न्हाय, आप्पा."

बापानं पुढं होऊन ती गाठ बोटानं चाचपली. हयातभर त्यानं अशा गाठी बांधल्या होत्या, आणि चूक सांगून दिलेली एकही साडी त्याच्याकडं परत आली नव्हती. बोलायचं होतं ते त्यानं गिळलं असावं. गिळायला वेळ लागला.

"आत या," तो म्हणाला. "दारातनं पाणी आत येतंय."

सुगतनं अंजनीकडं बघितलं. "आणि तुझं उत्तर…?"

"चूक बघून घेतलाय रं," ती म्हणाली, आणि दुकानातनं पर्समध्ये आलेलं पिवळं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "आता परत करायचा न्हाय. चष्मा पूस."

तर साहेब, वडगावातल्या एका विणकराच्या पोरीनं एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर एका दमात देऊन टाकलं. तुमचं अजून बाकी आहे. प्रो लाइट आणि निओ सात एस, दोन्ही फोन मष्णूच्या टेबलावर उघडे पडलेत, एका दोऱ्यात. जांबोटीचा मायाप्पा शेजारी बसून आहे, आणि त्याची एसटी साडेपाचला सुटते.

आत फरक काय? बोला.