संताच्या टोपातले केस

हे घडलेले आहे. मी ग्रीक शिकवतो. भुतांशी माझा परिचय ग्रंथांपुरता होता... नोव्हेंबर १९११ मधल्या एका बुधवारपर्यंत. स्थळ, लीड्सचे एक थिएटर. दुपारचा खेळ.

माझी बहीण हेस्टर त्या शरदात तापाने खंगली. डॉक्टरांनी तिचे सोनेरी केस कापायला लावले. वेणी माझ्यासोबत पुरा, एवढेच तिने मागितले होते.

ती गेली. तिला पुरताना वेणी सापडली नाही.

तिचा नवरा ऑब्री स्ट्रिक्लंड नट होता. त्या हंगामात तो एका हुतात्मा संताची भूमिका करी, आणि संताच्या मस्तकावरील सोनेरी केसांना वृत्तपत्रे भक्तिभावाने वाखाणीत. अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या रंगपटात शिरलो.

रंग पुसायच्या डुकराच्या चरबीचा खवट वास होता. त्याखाली आणखी एक...

तापकऱ्याच्या अंथरुणाचा.

त्याचे कपडे सांभाळणाऱ्या मिसेस डॅगेट लाकडी डोक्यावर चढवलेला केसांचा टोप कात्रीने कापत होत्या.

"परवाच मानेपर्यंत कापला होता, साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "आता बघा."

केस टेबलावरून खाली लोंबत होते.

मी हात लावला. मुळाशी ओलसर... आणि कोमट.

मी टोप मागितला. ऑब्री आरशातूनच हसला.

"मेहुणे, आज एक खुर्ची रिकामी नाही. मातीत कुजण्यापेक्षा माझ्या डोक्यावर ती जास्त शोभते. आणि आता निदान कुरकुर तरी करत नाही."

त्याने टोप चढवला.

शेवटच्या अंकात संत प्रार्थनेसाठी गुडघे टेकतो. ऑब्रीने तोंड उघडले...

शब्द फुटला नाही.

त्याने दोन बोटे घशात घातली आणि एक लांब सोनेरी केस ओढून काढला. मग दुसरा. मग लाळेने चिकटलेला झुबका.

प्रेक्षक उभे राहून टाळ्या पिटत होते. पत्नीशोकाने नटाचा कंठ दाटला, असे दुसऱ्या दिवशी छापून आले. त्याच कीर्तीवर त्याला त्या संताचा सिनेमा मिळाला.

पुढे तो मेला. त्याच्या इच्छेनुसार टोपही त्याच्याच शवपेटीत गेला.

सिनेमा मात्र उरला. पहिल्यांदा पाहिला, तेव्हा पडद्यावर केस मानेपर्यंत होते. युद्धानंतर पाहिला, तेव्हा कमरेपर्यंत.

चित्रफीत तीच.

गेल्या शनिवारी दुपारी पुन्हा गेलो. केसांआड ऑब्रीचा चेहरा उरलाच नव्हता. शेजारच्या बाईंनी नवऱ्याला विचारले,

"अहो, संताचं काम ही कोण करतेय? किती आजारी दिसते बिचारी."

मी पडद्याकडे पाहिले नाही.

हेस्टरने फक्त माती मागितली होती. पुढच्या शनिवारी तिचा पुन्हा खेळ आहे...