डावी कात्री

“रिमोट घरात कोणाकडे राहणार?” डॉक्टरांनी विचारलं, आणि धाकट्या भावाने मान वर न करता आपल्या मोठ्या बहिणीकडे बोट दाखवलं… ते बोटही थरथरतच होतं, कारण डोक्यात बसवलेल्या तारेतली वीज डॉक्टरांनी तेवढ्यापुरती बंद ठेवली होती. त्याची बायको दारापाशी उभी होती, पण ती घरातल्या दिव्याचं बटण दाबतानाही डोळे मिटून घेणारी बाई! तेव्हा ताईनेच हात पुढे केला. साबणाच्या वडीएवढं ते करडं यंत्र तिच्या तळहातावर आलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या होरपळलेल्या अंतःकरणाला गारवा वाटला. आता हा माझ्या मुठीत आहे, ती मनाशी म्हणाली. आता बघतेच याच्याकडे.

बहिणीने भावाबद्दल असं मनात आणावं, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण मग बावीस वर्षांपूर्वीची ती दुपारही ऐकायला हवी.

घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. वडील, म्हणजे आबा, तिथले कटिंग मास्तर. गळ्यात टेप अडकवल्याशिवाय ते सकाळचा चहासुद्धा घेत नसत. ताई डावखुरी, म्हणून आबांनी तिच्यासाठी मुद्दाम डाव्या हाताची कात्री घडवून आणली होती, आणि तिने कापलेल्या कोटाला पुन्हा हात लावावा लागत नाही हे ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत असत. त्या दुपारी एका शाळेच्या मुख्याध्यापकांचं लोकरी कापड टेबलावर पसरलेलं होतं. त्यांच्या आईने ते स्वतः हातमागावर विणलेलं, आणि आई नुकतीच गेलेली. ते कापायचं काम ताईकडे होतं. ती वर जेवायला गेली, आणि तेवढ्यात धाकट्याला हौस आली. त्याने आबांची कात्री उचलली. त्याच्या हाताला तेव्हाच बारीक कंप होता, कोणाला न सांगितलेला… आणि ऐन खांद्याच्या वळणावर कात्री घसरली. कापडाच्या कडेला करवतीसारखे दाते पडले.

ताई हात पुसत खाली आली तेव्हा आबा ते कापड धरून उभे होते, काम बघायला आलेल्या मुख्याध्यापकांचे डोळे भरून आले होते, आणि धाकटा भिंतीला टेकून उभा होता. आबांनी ताईलाच विचारलं, “तुझाच हात हलला ना गं?” तिने भावाकडे पाहिलं. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण पुढच्याच महिन्यात त्याचं लग्न होतं, आणि थरथरत्या हाताच्या मुलाला मुलगी द्यायला कोण तयार झालं असतं? तिच्या मायेने एका क्षणात निर्णय घेतला. “हो,” ती म्हणाली, “हलला.” तिला वाटलं, लग्न झालं की हा आपणहून सांगेल.

लग्न झालं. दोन मुलं झाली. मुलांना दाढ्या फुटल्या! धाकटा बोलला नाही.

ताईला मात्र दुसऱ्याच दिवशी कटिंगच्या टेबलावरून उठवून कोपऱ्यातल्या स्टुलावर बटणांची काजं करायला बसवलं गेलं. ‘तिचा हात हलतो’ हे गिऱ्हाइकांतून फिरत फिरत इतकं लांब गेलं, की तिच्यासाठी येणारी स्थळंही आल्या पावली परत गेली. बावीस वर्षं ती काजं करत राहिली. एवढ्याशा काजात शंभर बारीक टाके, एकही वाकडा नाही, आणि तरी तिचा हात हलतो हे कोणाला खोटं वाटलं नाही… महिन्यातून एकदा ती आपली कात्री काढायची, तेलाच्या चिंधीने पुसायची आणि परत खणात ठेवायची. त्या खणात तिने कात्रीबरोबर आपला सूडही जपून ठेवला होता, आणि त्यालाही गंज चढला नव्हता.

धाकट्याचा कंप मात्र वयाबरोबर वाढत गेला. आधी कात्री सुटली, मग सुई, मग चहाचा कप. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. घरात आणखी कोणाला असा कंप होता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आबांनी खिडकीबाहेर पाहत मान हलवली. नाही म्हणाले.

ऑपरेशन जागेपणीच झालं. डोक्याभोवती लोखंडी चौकट स्क्रूने घट्ट बसवलेली, कवटीला नाण्याएवढं भोक, त्यातून मेंदूत सोडलेली केसासारखी तार… आणि तशा अवस्थेत त्याला सारखं बोलत राहायला सांगितलेलं, म्हणजे तारेने जिभेला धक्का लागला तर लगेच कळावं. तार कानामागून कातडीखालून गळ्याच्या हाडाखाली आणली, तिथे बॅटरी बसवली. काही दिवसांनी डॉक्टरांनी वीज सुरू केली, आणि त्याचा हात एकाएकी शांत झाला! त्याची बायको हुंदके देऊन रडली. पण वीज तेवढी वाढवली की जीभ जड व्हायची, शब्द तोंडातच विरघळायचे. कमी केली की वाचा स्वच्छ, पण हात पुन्हा थरथरू लागायचा. दोन्ही एकदम जमेना. म्हणून डॉक्टरांनी रिमोटमध्ये दोन नंबर भरून दिले. एक नंबर हातासाठी, दोन नंबर जिभेसाठी. झोपताना सगळं बंद, सकाळी पुन्हा चालू.

रिमोट ताईच्या हातात देता देता डॉक्टर सहज म्हणाले, “ऑपरेशनच्या वेळी यांनी ती कापडाची गोष्ट सांगितली हो. बहिणीवर आळ आला ती. आमची नर्स तर रडायलाच लागली होती.”

ताईने रिमोट मुठीत आवळला. परक्यांना सांगितलं! तोंडाला फडकी बांधलेल्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसांना सांगितलं, आणि ज्यांनी ऐकायला हवं ते आबा बावीस वर्षं याच्या शेजारी जेवायला बसतात! तिने रिमोट दुकानातून घालूनच आलेल्या ॲप्रनच्या खिशात टाकला आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

मग रोज सकाळी तिचा लहानसा सूड सुरू झाला. तो समोर चहा घेऊन बसायचा, हात थडथड उडायचा, आणि ती हातातलं काज पूर्ण होईपर्यंत खिशाकडे हात नेत नसे. एक अख्खं काज! तोवर बशीत चहा सांडायचा, शर्टावर उडायचा. तो एकदाही तक्रार करत नसे, आणि त्यामुळे ती आणखीच पेटायची.

अशातच एके दिवशी मुख्याध्यापक आले. केस पांढरे झाले होते, हातात काठी होती आणि काखेत कागदाचं पुडकं. आईने विणलेल्या कापडातला शेवटचा तुकडा होता तो. लेकीसाठी जाकीट शिवायचं होतं. धाकट्याचा हात बरा झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. “या वेळी यांनीच कापावं हं,” ते जरा संकोचून म्हणाले. “ताईंचा हात… राग मानू नका.”

“राग कसला? त्यानेच कापावं,” ताई गोड हसून म्हणाली. जखमेवर मीठ चोळणाऱ्यावरही तिला त्या क्षणी राग आला नाही, कारण तिच्या मनात सगळं लख्ख ठरलं होतं. एक नंबर चालू आहे, हात शांत आहे. तो मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या वळणावर येईल, आणि ती बंदचं बटण दाबेल. तेच कापड, तोच माणूस, तेच दाते… आणि या वेळी कात्री कोणाच्या हातात आहे ते आबा आपल्या डोळ्यांनी बघतील!

आबा खुर्चीत सरसावून बसले. धाकट्याने कापड पसरलं, खडूची रेघ ओढली. इतकी सुरेख रेघ त्याने जन्मात ओढली नव्हती. मग त्याने कात्री उचलली, आणि खिशात ताईचं बोट बटणावर गेलं. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, तिच्या खिशाकडे पाहिलं… त्याला सगळं कळलं होतं. त्याने कात्री खाली ठेवली आणि जड जिभेने काहीतरी म्हणाला. कोणाला समजलं नाही. तेव्हा त्याने दोन बोटं वर केली.

दोन नंबर, जिभेचा! आयुष्यभर हव्या असलेल्या स्थिर हाताने तो टेबलाशी उभा होता, आणि आपण होऊन तो हात परत करत होता. तिने कापडाकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्या माणसाने तिचं काय बिघडवलं होतं? आणखी एका क्षणात तिने त्याच्या आईची शेवटची आठवण फाडली असती. तिचं बोट सरकलं. तिने दोन नंबर दाबला.

हात थरथरू लागला. खडूची धूळ टेबलावर उडाली.

“साहेब,” धाकट्याचा आवाज मोकळा झाला, “त्या दिवशी कात्री माझ्या हातात होती. ताई वर जेवत होती. हात माझा हलला. तिचा कधीच हलला नाही.” तो वडिलांकडे वळला. “आबा, मी तिच्या जिवावर संसार केला.”

आबांनी गळ्यातला टेप चाचपला.

“मला त्याच दिवशी समजलं होतं,” ते म्हणाले. “डावखुऱ्याची कात्री कापड दुसऱ्या बाजूने घेते. ते दाते उजव्या हाताचे होते. माझ्या बापाचाही हात असाच गेला, पोरी. याचं नाव गेलं तर हा उभा राहणार नाही, असं वाटलं मला. तू राहशील, वाटलं.”

बावीस वर्षं ज्या एका माणसाने ऐकावं म्हणून ती तळमळली, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! ताईचे डोळे भरले नाहीत. ते कोरडेच राहिले, आणि आबांना त्या कोरड्या डोळ्यांकडे बघवेना. ती खुर्चीजवळ गेली. “राहिले ना, आबा,” ती म्हणाली. “काजं करत राहिले.” आणि तिने त्यांच्या गळ्यातला टेप काढून आपल्या गळ्यात घातला. आबांनी मान खाली करून तो काढू दिला.

मुख्याध्यापकांनी टेबलावरचं कापड दोन्ही हातांनी उचलून फिरवलं आणि ताईच्या बाजूला केलं.

तिने खण उघडला. कात्री तेलकट, थंड आणि धारदार होती. शेजारी धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताई, मला क्षमा कर, मी तुझं आयुष्य… असं तो सांगू लागला होता, आणि त्याने धरलेली कापडाची कड त्याच्या हाताबरोबर थडथड हलत होती. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि तिच्या मनात काय होतं ते आपणही ठरवू नये. तिने एक नंबर दाबला. त्याचा हात शांत झाला, शब्द तोंडातच जड होऊन थांबला, आणि तिने रिमोट त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवला.

“बोललास तेवढं पुरे,” ती म्हणाली. “आता कापड धर.”

त्याने दोन्ही हातांनी कापड ताठ धरलं, आणि ताईने डाव्या बाजूने कात्री घातली.